ठिपक्यांची वही

पोंक आला, असं सकाळी फिरून आल्यावर ह्यांनी सांगितलं. बागेतल्या बाकावरच्या मित्रमंडळींकडून ही बातमी आली होती. नदीकाठी मांडव लागलेत, या वर्षी थंडी उशिरा म्हणून पोंकही उशिरा, एवढं बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणून ते आंघोळीला गेले. मी चहा गाळत होते. गाळून झाल्यावरही गाळणं बराच वेळ हातातच राहिलं.

पोंक म्हणजे आपला हुरडा. कोवळ्या ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजायची आणि गरम असतानाच दाणे खायचे. आमच्या खानदेशात त्यासाठी शेतात जावं लागतं, बांधावर बसावं लागतं, कुणाचं तरी बोलावणं यावं लागतं. सुरतेत थंडीचे दोन महिने तो तापीच्या काठी मांडवात मिळतो. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेच्या गोळ्या आणि ताक. इथल्या माणसांना विचारलं की थंडी कधी पडते, तर ते महिना सांगत नाहीत. पोंक आला की पडते, म्हणतात.

उत्तरायण होऊन गेलं आहे. समोरच्या तारेवर दोन पतंग अडकलेत, एक गुलाबी आणि एक नुसता सांगाडा. आमच्या घरी या वर्षी तिळगूळ नव्हता. अक्काला, माझ्या नणंदेला, जाऊन सहा महिने झाले, वर्ष व्हायचं आहे. शेजारच्या नीरूबेननी उंधियूचा डबा आणून दिला, "तमारे तो आ वरसे नथी ने," म्हणाल्या आणि दारातूनच परत गेल्या. त्या डब्यात अजून मेथीच्या मुठियांचा वास आहे. घासूनही जात नाही आणि मला तशी घाईही नाही.

टेबलावर दोन वह्या आहेत. केतकीनं, माझ्या मुलीनं, डिसेंबरच्या शेवटी आणून ठेवल्या. एक प्लॅनर आहे, तपकिरी पुठ्ठ्याचा, रेशमी फीत असलेला. दर दिवसाला एक पान, पानाच्या डाव्या कडेला सकाळी आठपासून रात्री आठपर्यंतचे तास छापलेले. दुसरी मऊ कव्हराची वही. तिच्यात तारीख नाही, वार नाही, रेघसुद्धा नाही. पानभर फिकट राखाडी ठिपके, बस.

"हिला बुलेट जर्नल म्हणतात आई," केतकी म्हणाली. "तुला जी आवडेल ती ठेव. दुसरी मी नेईन. चालशे?"

केतकी सुरतेतच जन्मली. इथल्याच अडाजण भागात राहते, तिथूनच ऑफिसला जाते. ती मराठीत बोलता बोलता गुजराती पायरीवर पाय ठेवते आणि परत येते, तिला कळतही नाही. या रविवारी ती उरलेली वही न्यायला येणार होती. परवापर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. प्लॅनरची जानेवारीची सतरा पानं कोरी गेली होती. हजेरीत नाव पुकारावं आणि बाकावरून उत्तर येऊ नये, तशी ती दिसत होती.

खरं तर माझ्यासारखीनं दोन वह्यांपुढे अडून बसावं असं काही नव्हतं. तेहतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. वार्षिक नियोजन, त्यातून मासिक, मासिकातून रोजचं टाचण. मंगळवारी तिसऱ्या तासाला चौथीच्या वर्गात मी काय बोलणार हे मला आदल्या शुक्रवारी ठाऊक असे. शाळेबाहेरही तसंच. तारखेची डायरी पर्समध्ये, लाल शाईत शाळा, निळ्या शाईत घर. गहू निवडणं निळ्यात. केतकीचं लसीकरण निळ्यात. ह्यांना कचेरीतून निवृत्त व्हायला अमुक वर्षं, हेही मागच्या पानावर निळ्यात. हे म्हणायचे, "हिच्या डायरीत नसेल तर मला शिंक येऊ नये." मी हसायचे, पण मला ते कौतुकच वाटायचं.

गेल्या वर्षीची डायरी आषाढापर्यंत भरली आहे. शेवटची नोंद निळ्यात, "अक्का, गोळी, रात्री ८". तीन दिवसांचा ताप होता. त्यानंतरची पानं मी कधी उघडली नाहीत. केतकीनं बहुधा उघडली असावीत, म्हणूनच डिसेंबरात ती दोन वह्या घेऊन आली. आई पुन्हा लिहायला लागली म्हणजे आई बरी आहे, एवढा साधा तिचा हिशोब. चुकीचाही नाही.

अक्का ह्यांची थोरली बहीण. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. अमळनेरकडच्या गावाहून ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे सुरतेतल्या गोडादऱ्याला आली, तेव्हा केतकी रांगत होती. चार दिवसांसाठी आली होती. तीस वर्षं राहिली. मी धुळ्याच्या शिक्षकाची मुलगी, पुस्तकी मराठीतली. ती शेवटपर्यंत अहिराणीत बोलली, माझ्याशी, केतकीशी, रिक्षावाल्याशी, गुजराती भाजीवालीशीही. सगळ्यांना ते कळायचं. तिला कुणाचं कळलं नाही असंही कधी झालं नाही.

बाजारातला एक माणूस स्कूटरवरून साड्यांचं गाठोडं आणून टाकायचा आणि चार दिवसांनी घेऊन जायचा. त्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम अक्का करायची. आमच्या गल्लीत घरोघर ते चालतं. खिडकीपाशी मांडीपुढे पाट, पाटावर साडीचा पदर, डाव्या हाताशी गमची वाटी, उजवीकडे ताटलीत चमचमणारे खडे. बारीक काडीनं गमचा ठिपका ठेवायचा, मेण लावलेल्या दुसऱ्या काडीनं खडा उचलून त्यावर टेकवायचा. ठिपका, खडा. ठिपका, खडा. मी शाळेतून यायचे तेव्हा दुपारचं ऊन तिच्या पाटावर आलेलं असे आणि छतावर खड्यांचे कवडसे थरथरत असत. केतकी लहानपणी त्यांना "अक्काचे मासे" म्हणायची.

कामाची आठवण ठेवायला अक्काकडे एक वही असे. वर्ष संपलं की मुलं गणिताच्या चौकटीच्या वह्या वर्गातच टाकून जातात. मी त्यातली कोरी पानं फाडून आणायचे आणि अक्का ती साडीच्या दोऱ्यानं शिवायची. चौथी शिकलेली होती, लिहिता येत होतं. पण वहीत अक्षर क्वचितच असे. चित्रं असत, दोनचार रेघांची. साडीसाठी एक लांब चौकोन. ह्यांच्या चष्म्यासाठी दोन गोल. चित्राच्या आधी ठिपका. काम झालं की ठिपक्यावर फुली. नाही झालं तर पुढे बाण आणि तेच चित्र पुढच्या पानावर.

माझ्यातल्या शिक्षिकेला ते बघवत नसे. एका दिवाळीत मी तिला चांगली जाड, तारखांची डायरी आणून दिली. आठवड्यानं विचारलं, "अक्का, डायरी कशी आहे?"

"चांगली शे," ती म्हणाली. "जाड शे." आणि पाट उचलून दाखवला. पाटाचा एक पाय आखूड होता. त्याखाली माझी डायरी.

हे तेव्हा इतके हसले होते की पाणी प्यावं लागलं. मी हसले नव्हते.

मागची थंडी ही माझी निवृत्तीनंतरची पहिली. आता या लेखाला बसले आहे तर लक्षात येतं, की मला आठवतो तो सबंध हंगाम त्या एका खिडकीतला आहे. निवृत्तीचंही मी नियोजन केलं होतं. दहा ते अकरा वाचन. अकरा ते साडेअकरा कपाट, रोज एक कप्पा. कपाट नऊ दिवसांत संपलं. वाचन संपणारं नव्हतं, पण घड्याळ लावून वाचलेलं पान आत जात नाही हे या वयात कळलं. मग एका दुपारी मी अक्काच्या समोर जाऊन बसले.

"अक्का, मी मदत करू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "कर. पन बोलू नको."

मला एक साडी दिली. मी ती नीट ताणली. पदरावरच्या नक्षीच्या कडेनं पेन्सिलीनं हलक्या खुणा केल्या, फळ्यावर करतात तशा सम अंतरावर. मग त्या खुणांवर ओळीनं गमचे ठिपके ठेवले. चाळीस तरी असतील. एकही वाकडा नाही. एवढ्या वेळात अक्का पाच-पाच ठिपके ठेवून पाच-पाच खडे लावत होती. मला वाटलं, काय ही पद्धत, सारखं काडी बदलायची. आधी सगळं आखून घ्यावं, मग सगळं भरावं. मी मेणाची काडी घेतली आणि पहिला खडा टेकवला. सुंदर बसला. सातवाही बसला. बारावा घसरला. पंधराव्यानंतर एकही खडा टिकेना. गमवर साय धरली होती. मी पदर उचलला तर खडे टपटप फरशीवर.

अक्कानं मान वर केली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं.

"माय वं! सगळा ठिपका एकदम ठेवी दिधात?"

ती हसायला लागली. तिचं हसणं आवाजाचं नव्हतं, खांदे हलायचे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी पदरानं पुसत म्हणाली, "जेवढा खडा हातमा, तेवढाच ठिपका ठेवाना, सुमन. गम काय तुन्ही वाट देखस?"

वाळलेले ठिपके नखानं खरवडायला आम्हा दोघींची सगळी दुपार गेली. साडीला डाग राहायला नको म्हणून तिनं ओल्या फडक्यानं एकेक जागा टिपली. संध्याकाळी चहा घेताना ह्यांना सांगितलं, "तुन्ही बायको साळंमा पोऱ्हेस्ले काय शिकाडे, देव जाने." मी या वेळी हसले. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी बसू लागले. पाच ठिपके, पाच खडे. पहिल्या आठवड्यात तीनच. बोलू नको म्हणणारी अक्काच बोलायची. तिच्या गावचं, विहिरीचं, न मिळालेल्या पाचवीच्या वर्गाचं. डायरीतले तास तेव्हा कोरे राहू लागले होते आणि माझं तिकडे लक्ष नव्हतं. इतकं सलग सुख मला त्याआधी मिळालं असेल, पण मला ते चालू असताना कळल्याचं आठवत नाही.

त्याच थंडीतली पोंकाची संध्याकाळ.

सुरतेत आल्यापासून अक्काला नदीकाठी जाऊन पोंक खायचा होता. घरी आणलेला तिला चालत नसे, गार झालेला हुरडा म्हणजे नुसती ज्वारी, म्हणायची. थंडी पडली की एकदा विचारायची, "औंदा जाऊत का?" एकदाच. ह्यांना नदीकाठचं वारं सोसत नाही, केतकीच्या परीक्षा, म्हणजे न्यायचं ते मी. आणि जानेवारीत माझी तपासणी असे, स्नेहसंमेलन असे, निवडणुकीचं काम असे. मी डायरी उघडून दाखवायचे, "हा रविवार नाही, पुढचा बघू." पुढचा येईपर्यंत पोंक संपलेला. ती कधी रुसली नाही. "काय हरकत नही. तापी काय पळी जास?"

मागच्या वर्षी मात्र मला काही कारणच उरलं नव्हतं. मी डायरीत निळ्या शाईत लिहिलं, "४ ते ५.३०, पोंक, अक्का." खाली लिहिलं, "६, नळवाला." स्वयंपाकघरातला नळ गळत होता.

रिक्षानं गेलो. अक्कानं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, बिनखड्यांची. मांडवामागे खड्ड्यात निखारे होते. भाजलेली कणसं कापडी पिशवीत घालून दोघं जण काठ्यांनी धोपटत होते. धुराला करपलेल्या पातीचा गोडसर वास. सुपात पाखडून हिरवे, मऊ दाणे कागदावर आले तेव्हा त्यांतून वाफ निघत होती.

"चाखो तो खरा, बा," मांडवातली बाई म्हणाली.

अक्कानं चार दाणे तळहातावर घेतले, आधी हुंगले, मग तोंडात टाकले. डोळे मिटून चावत राहिली. बाई वाट पाहत होती. मीही.

"आम्हना गावनी गोडी नही," अक्का शेवटी म्हणाली. "पन चांगला शे. दे."

बाईला काय कळलं कोण जाणे, ती खळखळून हसली आणि मूठभर दाणे वरून आणखी टाकले. शेव, साखरेच्या गोळ्या, ताक. आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्या नदीकडे तोंड करून ठेवल्या. अक्कानं साखरेच्या गोळ्या बाजूला काढून माझ्या कागदावर ठेवल्या, मला गोड आवडतं म्हणून. पाण्यावर ऊन तिरपं आलं होतं. पलीकडच्या काठाच्या इमारती त्यात हलत होत्या. ती चपला काढून, पाय वर घेऊन, खुर्चीवर मांडी घालून बसली, जशी खिडकीपाशी बसायची. तिला तिथे बसायचं होतं, अजून पुष्कळ वेळ.

मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी एकदाच पाहिलं, पण तिनं ते पाहिलं. चपलांत पाय घालत म्हणाली, "चाल. तुन्हा नळवाला ई जाई." आवाजात टोमणा नव्हता. रिक्षात तिच्या मांडीवर ह्यांच्यासाठी घेतलेला पोंकाचा पुडा होता, त्यावर दोन्ही हात. "आज बरं वाटनं," म्हणाली. मी "हो ना" म्हणाले आणि रस्त्यावरची गर्दी पाहू लागले.

नळवाला त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

अक्का गेल्यापासून मला हेच एक कोडं पडलं होतं. ती संध्याकाळ तिच्या लेखी झाली का? तीस थंड्या वाट पाहिली आणि शेवटी मिळाली ती एक तास दहा मिनिटांची. बरं वाटनं, हे ती मनापासून म्हणाली, की मला वाईट वाटू नये म्हणून? माणूस गेलं की मोठं दुःख एका जागी बसून राहतं, त्याची सवय होते. असा एखादा लहान प्रश्न मात्र चपलेतल्या खड्यासारखा प्रत्येक पावलाला लागतो. आणि विचारणार कुणाला?

डिसेंबरात केतकी ठिपक्यांची वही उघडून मला समजावत होती. "हे बघ, यात आधीपासून काही छापलेलं नसतं. आजचं तेवढं लिहायचं. काम असेल तर आधी ठिपका. झालं की त्याच्यावर फुली. राहिलं तर बाण काढायचा आणि पुढच्या पानावर न्यायचं. सोप्पं छे. सगळं जग करतंय."

मी म्हणाले, "हे अक्का करायची."

केतकी थांबली. "अरे हां," म्हणाली. स्वयंपाकघरातला नळ आता गळत नाही, पण ऐकू आल्यासारखा वाटला.

अक्काची वही तिच्या पत्र्याच्या पेटीत होती. केतकी तिच्या घरी गेल्यावरही मी पेटी उघडली नाही. उत्तर त्यात असणार, हे कळत होतं. म्हणूनच उघडली नाही. टेबलावरच्या दोन वह्यांमधून एक निवडायला एवढे दिवस लागले, ते त्या तिसऱ्या वहीमुळे.

पोंक आल्याची बातमी कळली त्या दुपारी, म्हणजे परवा, मी पेटी उघडली. नेसूच्या साड्यांखाली वह्या होत्या, दोऱ्यानं शिवलेल्या, चौदा-पंधरा. पहिल्या वह्या तिनं कधीतरी टाकल्या असाव्यात. एक उचलून चाळली. साडीचे लांब चौकोन, फुल्याच फुल्या. मध्येच एक उभी रेघ आणि तिला दोन्ही बाजूंनी दाणे. ज्वारीचं कणीस. पुढे बाण. दुसरी वही, दुसरी थंडी, कणीस, बाण. तिसरी. मला त्या प्रत्येक बाणामागचं कारण माहीत होतं. लाल शाईत होती ती कारणं.

शेवटची वही हातात घेतली. मागची थंडी. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याच पानावर माझे तीन-तीन ठिपक्यांचे प्रताप सुरू असल्याची खूणही होती, साडीच्या चौकोनाशेजारी एक चष्मेवाली बाहुली. म्हणजे मी. चार साड्या, चार फुल्या. ह्यांचा चष्मा दुरुस्तीला द्यायचा, फुली. आणि खाली कणीस.

कणसापुढे बाण होता.

मी ते पान बराच वेळ पाहिलं. म्हणजे झाली नाही. गेलो, खाल्लं, परत आलो, आणि तिच्या लेखी झाली नाही. मी वही मिटणार होते. पण वही तपासायची तर शेवटपर्यंत, ही सवय हातात आहे. पुढच्या ओळीत दोन वेण्या होत्या. वेण्या म्हणजे केतकी, शाळेपासून तिचं चित्र तेच. त्यापुढेही बाण. आता, त्या आठवड्यात केतकी आली होती हे मला पक्कं आठवतं. अक्कासाठी राखाडी स्वेटर आणला होता, अक्कानं तो उलटा घातला आणि दिवसभर तसाच ठेवला. आली होती तर बाण कसा? मी मागची पानं पाहिली. वेण्या, बाण. त्याच्या मागची. वेण्या, बाण. चष्म्याला फुली, गॅसला फुली, साड्यांना फुल्या. केतकीला एकदाही नाही.

हे पेपर वाचत बसले होते. मी वही त्यांच्यापुढे धरली. "केतकी आली तरी अक्का फुली का मारायची नाही?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते होय? मी विचारलं होतं तिला एकदा."

"मग?"

"म्हणाली, काम सरनं का फुली मारानी. पोरगी काय काम शे? फुली मारी ते ती परत कशी येई?"

"आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाही!"

"तू कधी विचारलंस? तुला तर तिची वही म्हणजे पोरखेळ वाटायचा."

खरं होतं. मी वही घेऊन खिडकीपाशी गेले. पाट अजून तिथेच आहे, आखूड पायाखालची डायरीही. त्या पाटापुढे बसून मी ते कणीस पुन्हा पाहिलं. बाण चांगला लांब होता, चार चौकटी ओलांडून गेलेला. बाकीच्या बाणांहून लांब. आज बरं वाटनं, असं ती म्हणाली होती. मी तेव्हा गर्दी पाहत होते. वर्षभरानं ते वाक्य माझ्यापर्यंत आलं.

इथे आमच्या गल्लीत वर्ष तीनदा सुरू होतं. दिवाळीच्या पाडव्याला शेजारी साल मुबारक म्हणतात, जानेवारीत ऑफिसं बदलतात, चैत्रात आम्ही गॅलरीत गुढी उभारतो. शाळेत होते तोवर माझं चौथंही होतं, जूनमधलं. प्लॅनर यांतलं एकच मानतो आणि उशिरा येणाऱ्याला कोरी पानं दाखवतो. तो वाईट नाही. तेहतीस वर्षं त्यानं मला उभं केलं, त्याच्यामुळे शेकडो मुलांना वेळेवर भागाकार आला. त्याच्याशी मी कृतघ्नपणा करणार नाही. पण तो म्हणजे सबंध पदरावर एकदम ठेवलेले ठिपके आहेत. तीनशे पासष्ट. आणि माझ्या हातात सध्या खडे चार-पाचच असतात.

काल दुपारी मी ठिपक्यांची वही उघडली. पहिल्या पानावर वर मधोमध श्री लिहून ते तसंच सोडलं. पान उलटलं. माझं जुनं शाईचं पेन घेतलं आणि एका ठिपक्यावर ठिपका ठेवून त्याच्यापुढे ज्वारीचं कणीस काढलं. चित्रकला माझी कधीच बरी नव्हती.

आज रविवार. केतकी सकाळीच आली, आल्या आल्या टेबलाकडे. वही उघडून पाहिली आणि म्हणाली, "आई, हा झाडू का काढलायस?"

"झाडू नाही. पोंक."

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. "ना, झाडूच आहे." मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "जायचंय? वर्ष व्हायचंय ना अजून?"

हे आतून म्हणाले, "पोंक काही सण नाही." आणि वारं न सोसणारा हा माणूस मफलर शोधायला लागला.

प्लॅनर न्यायला केतकी आली होती, पण तो ह्यांनी ठेवून घेतला. एवढा चांगला कागद बाहेर कशाला जाऊ द्यायचा, म्हणाले. मी डोकावून पाहिलं, तर मागची कोरी पानं भरायचं काम सुरू झालं होतं. एक जानेवारी, फिरून आलो. दोन जानेवारी, फिरून आलो. तीन जानेवारी, थंडी, तरी फिरून आलो.

चार वाजता निघालो. मी मनगटावर घड्याळ घातलं नाही. यात काही पराक्रम नव्हता, केतकीच्या फोनमध्ये वेळ दिसतेच. मांडवातली बाई तीच होती की दुसरी, मला सांगता आलं नाही. वाफ तीच होती. मी चार दाणे हातावर घेऊन आधी हुंगले. केतकीनं साखरेच्या गोळ्या माझ्या कागदावर सरकवल्या आणि मी काही म्हणायच्या आत नदीकडे पाहू लागली. ह्यांनी मफलर कानावर ओढून दोन वेळा शेव मागून घेतली. तिघांनी खुर्च्या पाण्याकडे वळवल्या. चौथी रिकामी खुर्ची कुणीतरी मागायला आलं तेव्हा केतकी म्हणाली, "लई जाओ ने." मलाही ते बरोबरच वाटलं. अक्काला खुर्ची अडवून ठेवणं आवडलं नसतं. ऊन तिरपं झालं, मग लाल झालं, मग पलीकडचे दिवे लागले. ह्यांना शिंक आली. डायरीत नसताना.

घरी येऊन हातपाय धुतले आणि वही काढली. ठिपका, त्यापुढे झाडूसारखं कणीस. मी बाण काढला, जमेल तेवढा लांब. तेवढ्यात केतकीनं, निघते म्हणून दारातून हाक मारली आणि मी घाईनं वही मिटून उठले.

ती गेल्यावर वही पुन्हा उघडली. मिटली तेव्हा शाई वाळली नव्हती. समोरच्या कोऱ्या पानावर बाणाचा ठसा उमटला होता, फिकट, पण स्पष्ट. माझ्या पानावरचा बाण उजवीकडे जात होता आणि तिकडून तसाच एक बाण डावीकडे येत होता. दोघांची टोकं वहीच्या शिवणीपाशी आली होती.